बाबांचा आ

तारा, मागच्या रविवारी तू फोनवर सुजलेला गाल दाखवलास आणि विचारलंस, "आजी, जबड्यात जागाच नव्हती तर ही अक्कलदाढ आली कशाला?" तुझ्या दंतवैद्यांनी हिरडी कापून ती काढली होती आणि तू बर्फाची पिशवी गालाला धरून बसली होतीस. मी "होईल बरं" एवढंच म्हणाले, कारण तुझ्या आईला कामावर निघायचं होतं आणि मला कुठल्याही प्रश्नाचं अर्धं उत्तर द्यायला आवडत नाही. पूर्ण उत्तर इथे देते आहे. ईशान, तूही वाच. फुटपाथवरून उतरताना, नुसतं उतरताना, तुझ्या पायाचा घोटा मोडला होता, म्हणजे या विषयात तुझाही अधिकार आहे.

अकोल्यात जठारपेठेतल्या या फ्लॅटमध्ये मिक्सर बिघडला की दुरुस्तीवाला येतो, झाकण उघडून बघतो आणि म्हणतो, "बाई, हे मॉडेलच खराब आहे." माणसाच्या शरीराबद्दल इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मला अजून भेटला नाही. ते म्हणतात, "वयाप्रमाणे चालायचंच." माझा उजवा गुडघा वयाप्रमाणे चालेना म्हणून त्यांनी तो बदलला. आता विमानतळावर मी आत शिरले की कमान किंचाळते आणि एक मुलगी माझ्या साडीभोवती यंत्र फिरवते. चार पायांवर चालायला बांधलेलं धड दोन पायांवर उभं केलं, कंबरेला कोणी विचारलं नाही, गुडघ्याला कोणी विचारलं नाही, आणि वर सगळ्यात जड डोकं ठेवून दिलं. एखाद्या विद्यार्थिनीने असा आराखडा आणला असता तर मी तो परत करून शेजारी लाल शाईने "पुन्हा करून आणा" असं लिहिलं असतं. पण मला जबड्याबद्दल सांगायचं आहे. आता दोघंही कानाच्या अगदी समोर एकेक बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकलं ना? ती आपल्या तोंडाची बिजागरी. दाराची बिजागरी खिळ्याने जागेवर बसवलेली असते. ही मात्र खाचेतून पुढे घसरते आणि परत येते. परत येते असा आपला विश्वास असतो. त्या विश्वासावर आपण जेवतो, भांडतो, जांभया देतो. माझं सगळं शिक्षण या बिजागरीच्या एका चुकीमुळे झालं.

आम्ही तेव्हा जुन्या शहरात राहायचो, मोर्णा नदीच्या पलीकडे, दोन खोल्यांच्या घरात. बाबा शाळेत विज्ञान शिकवत. शाळेचं छत गळायचं म्हणून तिथला मानवी शरीराचा तक्ता त्यांनी घरी आणून समोरच्या खोलीत टांगला होता आणि शाळेत लागेल तेव्हा तो गुंडाळून काखेत घेऊन ते निघत. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी देव्हारा उतरवला होता. त्याच भिंतीवर, त्याच खिळ्याला हा कातडी सोललेला, आतडी दाखवणारा, अतिशय शांत चेहऱ्याचा माणूस येऊन बसला. शेजारच्या सुभद्राकाकू भाजीची टोपली घेऊन बाजाराला जाण्याआधी आमच्याकडे चहाला यायच्या. माळ्याच्या घरच्या, पहाटेपासून मळ्यात वाकलेल्या. पहिल्यांदा तो तक्ता पाहून त्यांनी सवयीने हात जोडले आणि मग दचकून मायला विचारलं, "अवं, हा कोनता देव वं बाई?"

"देव नाई तो," माय म्हणाली. "आपूनच हाओत. आतून."

"आतून असे दिसतो आपून?" काकूंनी पदराने तोंड झाकलं. "बाप्पा! मंग वरून काय कमी वाईट दिसतो."

काकूंची कंबर कायम दुखायची. त्यांची एक सोय होती. गल्लीच्या टोकाला मारुती होता. त्या रोज त्याच्यासमोर उभ्या राहून कंबरेची तक्रार करायच्या, तेल घालायच्या आणि काही फरक पडला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला चांगलं सुनवायच्या. आमच्याकडे ती सोय नव्हती. आमच्या घरात शरीर कोणी घडवलंच नव्हतं, ते आपोआप झालं होतं, त्यामुळे खराब निघालं तर जाब विचारायला कोणी नव्हतं. लहानपणी मला याचं फार वैषम्य वाटे. बाबांना वाटत नसे, कारण त्यांच्या मते ते खराब नव्हतंच. "निसर्गाचा सर्वोत्तम आविष्कार!" असं ते तक्त्यासमोर उभं राहून म्हणत आणि छडीने यकृत दाखवत.

बाबा शिक्षक होते ते पगारापुरते. मुळात ते वक्ते होते. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कुठेही सभा, जयंती, वाचनालयाचं उद्घाटन असलं की गुरुजींना बोलावणं येई. घरात ते आमच्यासारखं वऱ्हाडी बोलत. मंचावर चढले की भाषा इस्त्री केल्यासारखी व्हायची. सकाळी स्टोव्हचा भरभर आवाज, माय परातीत भाकरी थापते आहे, बाहेर काकू मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडताहेत आणि या सगळ्यावर बाबांचा आवाज, "बंधूंनो आणि भगिनींनो!" आम्ही दोन बायका म्हणजे भगिनी. बंधू म्हणून तक्त्यातला माणूस. भाषण बहुतेक वेळा एकच असे, मुलींच्या शिक्षणावरचं. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की बाबा एखादं वाक्य गाळून पुढे गेले तर मी तवा उतरवता उतरवता ते भरून द्यायची.

जेवतानाही ते बोलत. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि तोंडात घास असताना समाजाचं भवितव्य. मग ठसका लागे. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, माय पाठीत बुक्के मारते आहे आणि म्हणते आहे, "खाऊन घ्या ना आधी! समाज कुठं पळून चालला?" दोन वेळच्या जेवणात हा कार्यक्रम ठरलेला. अन्नाची आणि हवेची वाट एकाच दारातून, पुढे फाटा, आणि फाट्यावर पहारा म्हणून एक मऊ पापुद्रा! नगरपालिकेने पिण्याचं पाणी आणि नाली अशी एका चेंबरातून नेली असती तर बाबांनी मोर्चा काढला असता. स्वतःच्या गळ्यातल्या बांधकामाबद्दल ते कधी ब्र काढत नसत. ठसका गेला की पाणी पिऊन पुढचं वाक्य.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि मी एका जेवणात, ठसका आणि पुढचं वाक्य यांच्या मधल्या जागेत, बाबांना सांगितलं की मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं आहे आणि तेही अमरावतीला. अकोल्यात कॉलेज होतं, पण घरी राहून शिकायचं म्हणजे पहिल्या वर्षी भाकरी थापत शिकायचं आणि दुसऱ्या वर्षी कुठल्या तरी सासरी निघून जायचं, हे मी गल्लीतल्या माझ्याहून मोठ्या मुलींकडे बघून ओळखलं होतं. अमरावतीला मुलींचं वसतिगृह होतं. बाबा म्हणाले, "पाहू." त्यांचं "पाहू" म्हणजे काय हे मायला ठाऊक होतं. तिने मान खाली घालून ताटात भाकरीचा तुकडा उगीच मोडला.

काही दिवसांनी कळलं ते असं. बार्शीटाकळीच्या इंगळेकाकांच्या मुलाशी माझं ठरत होतं. इंगळेकाका बाबांचे चळवळीतले जुने दोस्त, शेती बरी, मुलगा सरकारी नोकरीत. त्यांनी गावात वाचनालय काढलं होतं आणि उद्घाटनाला वक्ते अर्थातच बाबा. एका फेरीत दोन कामं असा बेत होता. दुपारी मुलींच्या शिक्षणावर भाषण आणि संध्याकाळी इंगळेकाकांच्या घरी माझ्या लग्नाची सुपारी. या दोन गोष्टी एका दिवसात बसवताना बाबांना काही खटकलं नाही. मला खटकलं ते मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "मले काय सांगतं? त्याईले सांग." पण त्यांना सांगायला गेलं की ते बोलायला लागत, आणि बाबा बोलायला लागले की दुसऱ्या कोणाला बोलायची जागा राहत नसे.

बार्शीटाकळीला इंगळेकाकांनी आम्हा तिघांसाठी रोडग्यांचं जेवण केलं होतं. तुम्ही रोडगे खाल्लेले नाहीत, कारण तुमच्याकडे गोवऱ्या मिळत नाहीत. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचे. बाहेरून दगड आणि आतून पदर सुटलेले, भरपूर तूप, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पाहुण्याने रोडगा न चुरता, दाताने फोडून खावा यात यजमानाला मान वाटतो, निदान इंगळेकाकांना वाटत असे. "मास्तर, चुरता कायले? दात हायेत ना अजून?" असं म्हणत त्यांनी बाबांच्या ताटात एकावर एक रोडगे टाकले. ज्या माणसाला तासाभराने बोलायचं आहे त्याच्या जबड्याकडून असं काम करून घेणं ही चूक फक्त आमच्याकडचा प्रेमळ यजमानच करू शकतो. बाबा कानाजवळ चोळत चोळत खात होते. मला ते तेव्हाच दिसलं होतं, पण त्या दिवशी माझं लक्ष संध्याकाळच्या सुपारीकडे होतं.

मांडव शाळेच्या पटांगणात होता, वर कापड, खाली उन्हाळ्याचं ऊन. तसबिरींना हार झाले, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली आणि अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते कुठल्या तरी खात्यातले साहेब होते. "मी थोडक्यात सांगतो," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि ते वाक्य ते मधूनमधून पुन्हा म्हणत राहिले. रोडग्यांचं तूप, ऊन आणि साहेबांचा आवाज यांनी मांडवावर झोप पसरली. मी पहिल्या रांगेत इंगळ्यांकडच्या बायकांमध्ये बसले होते आणि त्या माझे हात, केस, चपला बघत होत्या. बाबा मंचावर जांभया गिळत होते. जांभई गिळताना नाकपुड्या फुगतात आणि डोळ्यांत पाणी येतं, ते त्यांना एकामागून एक होत होतं. शेवटी एक जांभई गिळण्याच्या पलीकडची आली. त्यांनी तोंडापुढे रुमाल धरला आणि मनसोक्त दिली. रुमाल तिथेच राहिला. मला वाटलं, डुलकी लागली.

तेवढ्यात साहेब अचानक थांबले आणि पुकारा झाला, "आता ज्यांची आपण सगळे वाट पाहत होतो..." बाबा उठले. नाव पुकारलं की उठायचं ही सवय त्यांच्या हाडात होती, आणि तो एक सांधा सोडला तर बाकीची सगळी हाडं जागेवर होती. माइकसमोर जाऊन त्यांनी रुमाल काढला. तोंड उघडं होतं, सबंध उघडं, मागच्या दाढा दिसतील इतकं.

"आ," बाबा म्हणाले.

मांडव शांत झाला.

"आऽऽ," बाबा म्हणाले, आणि लाउडस्पीकरने तो आ गावाबाहेरच्या शेतांपर्यंत नेला.

एवढ्या मोठ्या वक्त्याचं जबड्याचं हाड निसटलं असेल असं कोणाच्या मनात कशाला येईल? पुढे बसलेली एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "गुर्जीले गहिवरून आलं वं माय." ते मागे मागे पोचत गेलं. बायका मुसमुसू लागल्या. इंगळेकाका पाण्याचा ग्लास घेऊन धावले. बाबांनी तो तोंडाला लावला आणि पाणी जसं गेलं तसं हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. "पानी बी जाऊन नाई राहिलं गळ्याखाली!" म्हातारी हुंदका देत म्हणाली. वेदनेने बाबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्यामुळे कोणाला शंका उरली नाही. मला आली, कारण बाबांना गहिवर आला तरी तो शब्दांच्या आड कधी आलेला मी पाहिला नव्हता. शिवाय त्यांची हनुवटी पुढे आली होती, खालचे दात वरच्यांच्या पुढे. घरच्या भिंतीवरचा माणूस मी रोज बघत होते. हे हाड तिथे नसतं एवढं मला कळत होतं.

मी मंचावर गेले. "बाबा, जबडा अडकला का?" त्यांनी जोरात मान हलवून हो म्हटलं, दुखलं, आणि कानापाशी हात नेला. मी म्हटलं, "चला, दवाखान्यात जाऊ." तर त्यांनी दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि मला माइककडे ढकललं. भाषण झाल्याशिवाय मंचावरून उतरायचं नाही, तोंड असो की नसो! डोळ्यांनी त्यांनी मला काय सांगितलं ते स्पष्ट होतं. तुला पाठ आहे. म्हण.

मी म्हणाले. "बंधूंनो आणि भगिनींनो, गुरुजींची प्रकृती अचानक बिघडली आहे. त्यांचं भाषण त्यांच्याच शब्दांत सादर करते." आवाज पहिल्या दोन वाक्यांत कापला, मग स्थिरावला. शब्द ओळखीचे होते. माझ्या मागे बाबा उभे होते, तोंडावर रुमाल, आणि सवयीने त्यांचे हात चालायला लागले होते. मी "अंधार" म्हटलं की हात खाली, "उजेड" म्हटलं की वर. समोरच्यांना हे फार भारी वाटत होतं, बोलणं मुलीचं आणि हातवारे बापाचे. आणि मग ती जागा आली, बाबांच्या भाषणातली सगळ्यात गाजलेली. ती मी अक्षर न बदलता म्हटली. "जो बाप दुसऱ्याच्या लेकीला शाळेत घाला म्हणतो आणि स्वतःच्या लेकीला मांडवात उभी करतो, त्या बापाचं भाषण ऐकू नका. उठून चालते व्हा."

पुढचं वाक्य त्यांच्या भाषणात नव्हतं. ते मी कधी तयार केलं मला माहीत नाही, पण ते तयार होतं.

"म्हणून आज तुमच्या साक्षीने मी, एक बाप म्हणून, जाहीर करतो. माझी मुलगी येत्या जूनमध्ये अमरावतीच्या कॉलेजात शिकायला जाईल."

मागे हात हवेत थांबले. "आ!" बाबा म्हणाले. माइक जवळच होता. "आ! आऽ!"

टाळ्यांनी मांडवाचं कापड हललं असेल. लोक उभे राहिले. म्हातारीला त्या आ मध्ये होकार ऐकू आला; ती म्हणत होती, "पाह्य कसा सांगून राहिला बिचारा बाप, हाव हाव म्हनून राहिला." इंगळेकाका सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मग त्यांना हळूहळू कळलं की आपण कशाला टाळ्या वाजवतो आहोत, आणि त्यांचे हात एकमेकांपासून थोड्या अंतरावर तसेच राहिले. मी बाबांकडे वळून पाहिलं नाही. अजूनही कोणी मला धाडसी वगैरे म्हटलं की मला ते न वळणं आठवतं. त्यात धाडस नव्हतं. नुसती मानच वळत नव्हती.

साहेबांनी आपली जीप दिली. जीपपर्यंत पोचेपर्यंत गावाने निदानं केली. कोणी लकवा म्हणालं, कोणी वारं गेलं म्हणालं, एकाने नाकाला चप्पल लावली, दुसऱ्याने कांदा फोडून आणला. बाबा हातांनी सगळ्यांना दूर सारत होते आणि उघड्या तोंडात धूळ जात होती. शरीराने जगातलं सगळं बोलणं एका भोकात सोपवलं आहे आणि ते भोक बंद होणं बारीकशा हाडाच्या मर्जीवर ठेवलं आहे, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा आतून कळलं असावं.

अकोल्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी एका नजरेत ओळखलं. दोन्ही अंगठ्यांना कापसाची जाड पट्टी गुंडाळू लागले. मायने विचारलं, "पट्टी तुमाले कावून? लागलं तं त्याईले हाय."

"दुरुस्त झालं की पहिलं चावतात, बाई," डॉक्टर म्हणाले.

अंगठे मागच्या दाढांवर ठेवून त्यांनी खाली आणि मागे असा दाब दिला. खट्ट झालं आणि तोंड मिटलं, डॉक्टरांच्या अंगठ्यांसकट. शरीराचं उपकार फेडणं हे असं असतं. अंगठे सुटल्याबरोबर बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी खालून हनुवटी धरली. "अजिबात नाही. एकदा निसटलेलं हाड पुन्हा निसटतं. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी बांधतो. पट्टी निघेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, जांभई आली तर हात लावायचा." इंगळेकाका दाराशी उभे होते. ते म्हणाले, "पट्टी निंघू द्या मास्तर. मंग बोलू." आणि गेले.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरातले सगळ्यात शांत दिवस. स्टोव्ह, भाकरी, काकूंच्या पाण्याचा शिपका हे आवाज होतेच, पण त्यांच्यावर काही नव्हतं. बाबा डोक्याभोवती पट्टी बांधून, वर बारीक गाठ, समोरच्या खोलीत भिंतीवरच्या माणसाखाली बसून राहत. माय त्यांना ज्वारीच्या कण्या ताकात पातळ करून वाडग्यातून देई. न बोलता जेवल्यामुळे ठसका लागत नव्हता. एकदा ती मला हळूच म्हणाली, "पाह्य, अंगावर मांस धरून राहिले."

आणि लोक येत होते. बार्शीटाकळीची बातमी जुन्या शहरात पोचली होती. "गुरुजी, करून दाखवलं तुम्ही!" "स्वतःच्या घरापासून सुरुवात, याला म्हणतात माणूस." कोणी नारळ आणला, कोणी माझ्यासाठी शब्दकोश आणला. बाबा ऐकत आणि मान किंचित खाली करत, कारण पट्टीमुळे मान तेवढीच होत होती. लोकांना त्यात विनय दिसे. मला त्यात काय दिसावं ते कळत नसे. त्यांच्याजवळ पाटी होती. पाटीवर ते सगळं लिहीत. मीठ कमी. पंखा. शाळेत निरोप द्या. सुभद्रावहिनीला म्हणावं हळू बोला. पण माझ्याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. जा असं लिहिलं नाही, नको असंही लिहिलं नाही. मी चहा द्यायला गेले की पाटीकडे बघायची, आणि मी पाटीकडे बघते आहे हे ते बघायचे.

एक दिवस माय पलंगाखालची ट्रंक ओढून त्यांच्यासमोर उभी राहिली. "हे पोट्टीसाठी धुऊन ठेवून राहिली मी. नाई म्हनाचं असन तं हात वर करा."

बाबांच्या हातात कण्यांचा वाडगा होता, दोन्ही हातांत धरलेला. पाटी शेजारीच होती. त्यांनी वाडग्यात पाहिलं, मायकडे पाहिलं आणि वाडगा तसाच धरून राहिले. माय ट्रंक अंगणात घेऊन गेली.

पट्टी निघाली त्या सकाळी इंगळेकाका आले. चहा झाला. बाबांना तोंड बोटभरच उघडायची परवानगी होती. मी आणि माय दाराच्या आत उभ्या होतो, मायने माझं मनगट धरलेलं.

"मास्तर, आडून कायले विचारू?" इंगळेकाका म्हणाले. "पाहुन्यारावळ्यात मले तोंड दाखवाचं हाय. मंचावरचा तो शब्द तुमचा होता का पोट्टीचा? पोट्टीचा असन तं लेकराचं बोलनं म्हनून सोडून देऊ. आजच सुपारी फोडू. तुमी सांगा."

बाबांनी आधी कपबशा नीट एकावर एक ठेवल्या, मगच तोंड उघडलं. इतके दिवस गप्प बसायची सवय झाली होती म्हणून असेल, किंवा त्यांच्याजवळची सगळी वाक्यं बोटभर तोंडातून जाण्यापेक्षा मोठी होती म्हणून असेल.

"माझा," ते म्हणाले.

"तुमचा कसा? तुमचं तं तोंडच मिटत नोव्हतं!"

"शब्द माझा. तोंड बिघडलं होतं, म्हनून तिचं वापरलं."

इंगळेकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिच्याकडे पाहिलं, परत घातली. मग एकदम म्हणाले, "अन् रोडगे मीच खाऊ घातले, राजा! चुरून खात होते, त्याईले मीच म्हटलं दातानं फोडा!" आणि ते हसायला लागले. बाबांनाही हसू आलं. मायने धावत जाऊन त्यांची हनुवटी धरली. इंगळेकाकांच्या मुलाचं पुढे चांगलं झालं. त्याच्या लग्नात बाबांचं भाषणही झालं. छोटंसं.

या सगळ्याबद्दल बाबा माझ्याशी कधीच बोलले नाहीत. रागावले होते का, ते मला ठाऊक नाही. जूनमध्ये अकोल्याच्या स्टँडवर ते मला अमरावतीच्या गाडीत बसवायला आले. ट्रंक टपावर चढवली, खिडकीतून पाण्याची सुरई आत दिली, शेजारी बसलेल्या बाईंना "पोरीकडे लक्ष ठेवा" असं बोटभर तोंडातून सांगितलं. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी काही सांगायला पुढे आले. त्यांचे ओठ थरथरले आणि चेहरा एका बाजूला ओढला गेला. डॉक्टरांनी जांभईचं सांगितलं होतं, हसण्याचं सांगितलं होतं. रडतानाही माणसाचं तोंड उघडतं हे सांगायचं राहून गेलं होतं. बाबांनी घाईघाईने दोन्ही हातांनी आपला जबडा खालून घट्ट धरला. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत ते तसेच उभे होते, डोळे वाहत असलेले आणि दोन्ही हात हनुवटीखाली. त्यामुळे त्यांना मला हात हलवून निरोप देता आला नाही.